जुन्या कडीची नवी गिटार

सतार घरी बनवायला निघालेल्या माणसाला मी थांबवेन, इलेक्ट्रिक गिटार बनवायला निघालेल्याला नाही. सतारीचा, तंबोऱ्याचा किंवा साध्या लाकडी गिटारीचा आवाज पोकळ भांड्यात घुमून बाहेर पडतो. ते भांडं कुठं किती पातळ करायचं हे हाताला वर्षानुवर्षं शिकावं लागतं. इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तार चुंबकावर थरथरते, चुंबकाभोवतीच्या बारीक तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत (पिकअपमध्ये) वीज उपजते आणि तीच अँप्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर येते. बॉडी म्हणजे पावणेदोन इंच जाडीची फळी. सहा तारांचा मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोंचा ताण वर्षभर सोसायचा आणि जागचं हलायचं नाही, एवढंच तिचं काम. हे कुठल्याही चांगल्या सुताराच्या आवाक्यातलं आहे. सुताराला नवीन असतात त्या दोनच गोष्टी: मध्यरेषा आणि तारेची लांबी. त्या दोन्ही सांभाळल्या तर बाकीच्या चुका पॉलिश पेपरखाली जातात.

जुन्या लाकडातून घरी बनवलेली जगातली सगळ्यात गाजलेली गिटार ब्रायन मेची. १९६३ साली शाळकरी ब्रायन आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी ती करायला घेतली आणि दोनेक वर्षं त्यावर काम केलं. नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी वापरलं, तार ढिली-घट्ट करणाऱ्या दांड्यासाठी मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. पुढे 'क्वीन' बँडमध्ये आयुष्यभर त्यानं हीच गिटार वाजवली. त्याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि त्याचा पहिला बँड, 'द हेक्टिक्स', त्याच शाळेतला. कराडच्या पोरानं शेकोटीऐवजी कडीपाट शोधावा.

लाकूड

पेठांमधले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा कडीपाटाच्या सागवानी कड्या जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे येतात. चार इंची चौरस कडी घ्या, अर्धा मीटर लांबीची पुरे. पन्नास-शंभर वर्षं छपराखाली वाळलेलं हे लाकूड आता वाकण्या-पिळण्याचं राहिलेलं नसतं. घेताना टोकाला नखानं टोकरून बघा. भुसा पडला तर भुंगा लागलाय, ती कडी सोडा. बद्द आवाज येणारीही सोडा. घरी आणल्यावर पहिलं काम खिळे काढण्याचं. मोठ्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून कडीच्या चारही अंगांनी सावकाश फिरवा. जिथं ते ओढ घेईल तिथं खडूनं गोल करा आणि खिळा उपसून काढा. लाकडाच्या आत मोडलेला खिळा वरून दिसत नाही, त्याच्याभोवती फक्त निळसर-काळा डाग असतो. सॉ मिलवाला खिळ्याचं लाकूड पट्ट्यावर घेत नाही आणि त्याचं बरोबरच आहे.

सगळी बॉडी सागाची करू नका. वजनाचा हिशेब सोपा आहे. साधारण स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या बॉडीला साडेचार लिटर लाकूड लागतं. साग लिटरला ६५० ग्रॅमच्या घरात, म्हणजे नुसती बॉडी तीन किलोंच्या आसपास जाते. त्यावर नेक, खुंट्या आणि लोखंड धरलं तर चार किलोंच्या वर. दोन तास उभ्यानं वाजवणाऱ्याच्या खांद्याला हे जड आहे. म्हणून मधला कणा सागाचा आणि दोन्ही पंख हलक्या लाकडाचे करा. शिवण चांगलं, ते लिटरला ५०० ग्रॅमच्या आत-बाहेर असतं आणि वळत नाही. तून मिळालं तर फारच छान. मिरजेचे कारागीर सतारीच्या दांडीला आणि तबलीला तेच वापरतात. अशी बॉडी अडीच किलोंच्या आसपास राहते, आणि मध्ये तांबूस साग, दोन्हीकडे फिकट शिवण, हे दिसतंही देखणं. साग किंवा शिवण वखारीतून घेतलं तर पावती घ्या.

सॉ मिलमध्ये कडी उभी चिरून घ्या, म्हणजे ५० मिमी जाडीचे दोन तुकडे निघतात. एका कडीत दोन गिटारींचे कणे होतात. पंखांच्या फळ्याही ५० मिमीच्याच घ्या. मग सगळं घरात आणून हवा खेळेल अशा पट्ट्या मध्ये ठेवून रचा आणि महिनाभर विसरा. आर्द्रता मोजायचं दोन सुयांचं छोटं यंत्र मिळतं. लाकडात ती १२ टक्क्यांच्या खाली दिसली की पुढे जा. कृष्णा-कोयनेच्या काठी हे पावसाळ्यात होणार नाही. म्हणून लाकूड दिवाळीच्या सुमारास घ्यावं, जोडकाम थंडीत करावं आणि पॉलिश शिमग्यानंतर, वळवाच्या आधी उरकावं. हा क्रम मोडू नका.

नेक विकत घ्या

पहिल्या गिटारीचा नेक तयार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नेकमध्ये पोलादी सळई बसवायची खाच, शिसवीच्या पट्टीचा बाक आणि २२ फ्रेटांचे काप असं सगळं येतं. प्रत्येक काप उरलेल्या लांबीच्या १७.८१७व्या भागावर पडावा लागतो. ६४८ मिमीच्या लांबीत पहिला फ्रेट ३६.४ मिमीवर येतो, पाचवा १६२.५ वर, सातवा २१५.५ वर, बारावा बरोबर ३२४ वर. यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर ती कानाला कायम टोचत राहते आणि नंतर दुरुस्त होत नाही. नेक बनवायचा तर दुसऱ्या गिटारीला बनवा. पॉलिश न केलेला, चार स्क्रूंनी बसणारा मेपलचा नेक मागवा आणि तो हातात आल्याशिवाय बॉडीला करवत लावू नका. आधी नटापासून (नेकच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत पोलादी पट्टीनं मोजा. त्याची दुप्पट म्हणजे तुमच्या तारेची खरी लांबी. खोक्यावर काय लिहिलंय याच्याशी पुढच्या कामाचा संबंध नाही. नेकच्या बुडाची रुंदी (बहुतेकदा ५६ मिमी) आणि जाडी (२५ मिमी) वहीत लिहून ठेवा.

जोड आणि मध्यरेषा

कणा आणि पंख यांच्या कडा लांब रंध्यानं सरळ करा. दोन तुकडे एकमेकांवर उभे धरून मागे बल्ब धरा. उजेडाची रेघ दिसली तर अजून रंधा मारायचाय. सागात तेल असतं आणि डिंक त्याला धरत नाही. त्यामुळे चिकटवण्याच्या आधी सागाची कड थिनरच्या फडक्यानं पुसा आणि तासाभरातच पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल लावा. शिकंजे एक वरून, एक खालून असे आलटून-पालटून लावा, नाहीतर फळी पन्हाळीसारखी वाकते. चोवीस तासांनी शिकंजे काढा, पण रंधा आठवड्याने मारा. डिंकातल्या पाण्यानं जोडाजवळचं लाकूड फुगलेलं असतं. लगेच सपाट केलं तर ते पुढे आक्रसतं आणि पॉलिशखाली जोडाच्या जागी खोलगट रेघ उमटते. शेवटी जाडी ४५ मिमी ठेवा. फळी ४५० बाय ३४० मिमीची असली की कुठलाही नेहमीचा आकार त्यात मावतो.

आता मध्यरेषा. ती पेन्सिलीनं मारू नका, पोलादी पट्टी धरून धारदार सुरीनं कोरा. पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असते आणि चार दिवसांत पुसट होते. गुण्या लावून तीच रेघ फळीच्या दोन्ही टोकांवरून खाली उतरवा आणि पाठीवरही जोडून घ्या. यापुढचं प्रत्येक माप या रेघेपासून घ्यायचं, बॉडीच्या कडेपासून कधीही नाही, कारण कड तुम्ही हातानं घासणार आहात.

साचा, राउटर, खाच

आकाराचा साचा १२ मिमी एमडीएफचा करा. दरवाज्यांवर नक्षी काढणारी सीएनसी यंत्रं आता तालुक्याच्या गावीही असतात. नकाशा दिला तर बॉडी, नेकची खाच आणि पिकअपच्या खाचा असे तीनही साचे कापून मिळतात, आणि माझ्या मते पहिल्या गिटारीवरचा हा सगळ्यात सार्थ खर्च. साच्यावरही मध्यरेषा हवीच. फळीवर साचा आखून जिगसॉनं रेषेच्या तीन मिलिमीटर बाहेरून कापा. उरलेलं बेअरिंगवाल्या बिटनं राउटर काढेल. राउटर बाहेरच्या कडेवर घड्याळाच्या उलट दिशेनं आणि खाचेच्या आत घड्याळाच्या दिशेनं फिरवायचा. एका फेरीत चार-पाच मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ नका. बॉडीच्या शिंगांच्या टोकांशी लाकडाच्या रेषा आडव्या येतात आणि तिथं घाई झाली तर चिरफळी उडते. मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय राउटर चालू करायचा नाही. सागाचा भुसा छातीत आणि कातडीत दोन्हीकडे त्रास देतो.

नेकची खाच १६ मिमी खोल करा. खाली २९ मिमी लाकूड उरतं. ४५ मिमीचा स्क्रू मागच्या पत्र्याचे दोन आणि लाकडाचे २९ ओलांडून नेकमध्ये १४ मिमी शिरतो, हे पुरेसं आहे. खाचेची परीक्षा अशी: स्क्रू न लावता नेक दाबून बसवा आणि नेकला धरून बॉडी उचला. ती लटकून राहिली तर खाच जमली. बॉडीतली भोकं ५ मिमीची, नेकमधली ३ मिमीची ठेवा. स्क्रूचे आटे फक्त नेकला धरायला हवेत. बॉडीत ते घट्ट फिरले तर नेक आणि बॉडीमध्ये फट राहून जाते आणि वरून पाहणाऱ्याला ती कळतसुद्धा नाही.

भोकं पाडण्याआधी दोऱ्याची परीक्षा घ्या, सगळ्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. नेक खाचेत बसवा. ब्रिज नुसता फळीवर ठेवा, मध्यरेषेवर. नटाच्या दोन कडेच्या खाचांतून पांढरा शिवणाचा दोरा ओढून ब्रिजच्या दोन कडेच्या सॅडलांपर्यंत (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) ताणून चिकटपट्टीनं धरा. मग शेवटच्या फ्रेटवर वाकून बघा: पट्टीच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं. सारखं नसेल तर ब्रिज सरकवून ते जुळवून घेऊ नका. नेक तिरका बसलाय. खाचेची एक बाजू कागदाइतकी घासा, पुन्हा दोरा लावा आणि अंतर जुळेपर्यंत हे करत राहा.

ब्रिजची लांबीतली जागा त्यानंतर. पहिला ब्रिज न हलणाऱ्या जातीचा आणि मागून तार ओवायचा घ्या. नटाच्या पुढच्या कडेपासून ६४८ मिमीवर (किंवा तुमच्या नेकच्या मापाप्रमाणे) मध्यरेषेला काटकोनात रेघ कोरा. सगळ्यात बारीक तारेचं सॅडल स्क्रूनं जवळजवळ पूर्ण पुढे आणा, दोनेक मिलिमीटर वाव राखून, आणि ते रेघेवर येईल असा ब्रिज ठेवा. जाड तार दाबली की तिचा स्वर बारीक तारेपेक्षा जास्त चढतो. तिचं सॅडल तीन-चार मिलिमीटर मागे न्यावंच लागतं आणि ब्रिजला जागा मागेच असते. आता चार भोकं पाडा.

पिकअपच्या खाचा, पाठीमागून ३८ मिमी खोल कंट्रोलची पोकळी आणि या दोहोंना जोडणारं ८ मिमीचं लांब भोक, हे सरळ काम आहे. लांब भोक पाडण्याआधी ड्रिलची बिट बॉडीच्या वर त्याच कोनात आडवी धरून टोक कुठं निघेल ते पाहून घ्या. ब्रिजखालून कंट्रोलच्या पोकळीत जाणारं ३ मिमीचं भोक विसरू नका, अर्थिंगची तार तिथून येणार आहे.

घासणं

कडा ६ मिमीच्या गोल बिटनं मारा. पोटाशी लागणारा आणि कोपर टेकणारा उतार जाड दात्यांच्या कानशीनं हातानंच काढा, अधूनमधून गिटार मांडीवर घेऊन बघत. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२०, ३२० या क्रमानं घ्या, एकही नंबर गाळायचा नाही. २२० झाल्यावर ओल्या फडक्यानं सगळी बॉडी पुसा. वाळल्यावर हाताला लव उभी राहिलेली लागेल, ती ३२० नं कापा. ८० नंबरचे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत. थिनर शिंपडून तिरक्या उजेडात धरलं की सगळे उठून दिसतात.

पॉलिश: मिरजेकडून शिकण्यासारखं

कराडहून मिरजेची गाडी धरा आणि सतारमेकर गल्लीत एक दुपार काढा. शस्त्रांना शिकल करणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथं १८५०च्या आसपास तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई, अशा वातावरणात ती विद्या वाढली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांवरची झळाळी चपडा लाखेची. गिटारीलाही तीच द्यावी, असा माझा आग्रह आहे. पॉलीयुरेथेनचा थर जाड आणि काचेसारखा कडक बसतो, पण टवका उडाला की सगळा खरवडावा लागतो. लाख स्पिरिटच्या एका बोळ्यानं पुन्हा विरघळते आणि जुन्या थरात मिसळून जाते. घरी काम करणाऱ्याला कॉम्प्रेसर आणि फवारणीची खोलीही लागत नाही.

चपडा ताजा घ्या. जुनाट चपडा स्पिरिटमध्ये नीट विरघळत नाही आणि वाळल्यावर चिकट राहतो. १०० ग्रॅम चपडा अर्धा लिटर स्वच्छ स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा आणि मलमलीतून गाळा. या स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असतं आणि ते भडकतं. खिडकी उघडी हवी. गॅस, समई, उदबत्ती दुसऱ्या खोलीत.

नेकची खाच आणि पिकअपच्या पोकळ्या चिकटपट्टीनं झाका. पहिला हात ब्रशनं, पातळ. दोन तासांनी ३२० नं हलकंच घासा. मग लाकडाचे छेद भरायचे, कारण साग आणि तून दोन्ही लाकडांना उघडे छेद असतात. फर्निचरवाले यासाठी लांबी भरतात, पण तिचा खडूसारखा रंग छेदात कायम दिसत राहतो. त्याऐवजी लाखेचा हात ओला असतानाच त्यावर ४०० नंबरचा पेपर फिरवा. लाकडाचाच बारीक भुसा लाखेत कालवला जाऊन छेदात बसतो आणि रंग लाकडाचाच राहतो. वाळू द्या, वरचं साफ करा, पुन्हा करा. फिरवलेल्या हाताखाली खळगे लागेनात तोवर हे चालू द्या.

आता बोळा. कापूस मलमलीत बांधून लिंबाएवढा गोळा करा. लाख आतल्या कापसावर घाला, कापडावर नाही. बोळा तळहातावर दाबला तर ओलावा जाणवावा, थेंब सुटू नये. कापडाच्या टोकाला जवसाच्या तेलाचा एक थेंब लावा, म्हणजे बोळा चिकटत नाही. मग छोटे गोल, मग इंग्रजी आठाचे फेरे, मग लांब सरळ हात, आणि बोळा लाकडावर एक क्षणही थांबवायचा नाही. थांबला की तिथली ओली लाख उचलली जाते आणि कापडाची वीण उमटते. टेकताना आणि उचलताना तो विमानासारखा तिरका यावा-जावा. पाच-सहा फेऱ्यांनी चमक धरू लागते. मग दिवसभर थांबायचं, ४०० नं अगदी हलकं घासायचं आणि पुन्हा बसायचं. अशा आठ-दहा बैठका होतात. शेवटच्या बैठकीत बोळ्यात जवळजवळ नुसतं स्पिरिट, लाख नावापुरती. त्यानं वर राहिलेलं तेल निघतं आणि खरी झळाळी उघडते.

ढगाळ, दमट दिवशी बोळा हातात घेऊ नका. लाखेत ओलावा अडकला की पांढरट धुकट डाग पडतो. पडलाच तर कोरड्या दुपारी स्पिरिटच्या बोळ्यानं हलका हात फिरवा, जातो. तेल लागलेले बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. ते पसरून वाळवा, मगच टाका. पॉलिश झालेली बॉडी तीन आठवडे टांगून ठेवा. वरून वाळलेली लाख आतून तेवढा काळ मऊ असते.

तारा, वीज, जुळणी

पिकअप हंबकर घ्या. त्यातल्या दोन गुंडाळ्या उलट्या जोडलेल्या असतात, त्यामुळे घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर एकमेकींत विरते. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं १९५५ साली हे शोधलं. त्याला ५०० किलोओहमची पॉट आणि टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पोकळ्यांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावा, सगळे तुकडे एकमेकांना भिडवून, आणि ती पट्टी, पॉटची पाठ आणि ब्रिजची तार एकत्र अर्थला सोल्डर करा. बंद करण्याआधी जॅकच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा: व्हॉल्यूम पूर्ण असताना सात-आठ किलोओहम दिसले की वायरिंग बरोबर. अँप्लिफायरला जोडून स्क्रू-ड्रायव्हरनं पिकअपवर हलकं टकटक करा, टक् टक् ऐकू आलं पाहिजे.

नेक बसवा, १०-४६ च्या तारा ओवा, स्वरात आणा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट आहे ते बघा. ०.२ मिमी हवी. जास्त असेल तर नेकमधल्या सळईचा नट पाव फेरा आवळा, कमी असेल तर सोडा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच नाही. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बारीक तारेला १.६ आणि जाड तारेला २ मिमी ठेवा.

इथं मिरजेत बसलेला कान उपयोगी पडतो. जवारी म्हणजे तार घोडीच्या पृष्ठावर किंचित घासून उमलावी म्हणून केलेली कारागिरी. गिटारीत तीच घासण एखाद्या फ्रेटवर ऐकू आली तर तो दोष. पोलादी पट्टीचा छोटा तुकडा तीन-तीन फ्रेटांवर ठेवून डोलवा. डोलला तर मधला फ्रेट उंच आहे. त्याला शाईनं रंगवा, सपाट कानशीनं दोन हात द्या आणि माथा पुन्हा गोल करा.

शेवटी स्वर. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा नुसत्या स्पर्शाचा स्वर आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, उतरलेला लागला तर पुढे. प्रत्येक वेळी सॅडल हलवलं की तार पुन्हा स्वरात आणायची, मग पुन्हा ताडायचं.

मृग लागला की नेक ओलावा पिऊन हलतो. तेव्हा सातव्या फ्रेटवरची फट पुन्हा मोजा आणि लागेल तसा सळईचा नट फिरवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा एकदा. पावसाळ्यात गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, आतल्या भिंतीला टांगा. वाजवून झाल्यावर कोपर टेकते तिथला घाम कोरड्या फडक्यानं पुसा. लाखेला पाणी आणि घाम सोसत नाही. तिथली चमक मंदावली तर पुढच्या उन्हाळ्यात त्या जागेपुरता बोळा फिरवला की झालं.